कुलाब्याहून लालबागेपर्यंत : युद्धकैद्यांच्या वाटेचा माग

मुंबईचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. चौपाटी, राणीचा बाग, मलबार टेकडी, घारापुरीचीं लेणीं ह्यांविषयीं नवें लिहिण्यासारखें फारसें कांहीं उरलें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांस ज्या वाटेनें नेणार आहों ती प्रवाशांसाठीं छापलेल्या पुस्तकांतून आढळत नाहीं. दक्षिणेस कुलाब्यापासून निघून उत्तरेस परळ-लालबागेपर्यंत, कांहीं पायीं व कांहीं बसनें, एका दिवसांत आटोपणारी ही वाट आहे. आणि तिच्यावर जें शोधावयाचें तें म्हणजे शत्रूच्या हातीं सांपडून कोसच्या कोस हांकल्या गेलेल्या आपल्याकडील शिपायांच्या खुणा.

गिरगांवांतल्या किंवा दादरच्या आपल्या घरांतून पानिपत ठाऊक नाहीं असें मूल विरळा. १४ जानेवारी १७६१ रोजीं रणांत कोण कोण पडले तें आपण मुखोद्गत सांगतों. परंतु त्यानंतर अबदालीच्या लोकांनीं जे बंदिवान धरून नेले त्यांचें वाटेंत काय झालें, ह्याचा विचार आपण क्वचितच करतों. लढाईला तारीख असते, सेनापति असतो, बखरकार असतो. कैद्यांच्या चालीला ह्यांतलें कांहींच नसतें. ती जेथें सुरू होते तेथें इतिहासाचें पान उलटलेलें असतें. म्हणून हा माग पोथ्यांपेक्षां दगडांवर काढून पाहावा, असें आम्हीं ठरविलें.

कुलाब्यास लष्करी वस्तींत उंच मनोऱ्याचें एक ख्रिस्ती मंदिर आहे. नांव सेंट जॉनचें. परंतु लोक त्यास अफगाण चर्च म्हणूनच ओळखतात. १८३८ ते १८४३ ह्या वर्षांत सिंध व अफगाणिस्तान येथें जे लोक कामास आले त्यांच्या स्मरणार्थ तें बांधलें असून १८५८ सालीं तें उपासनेस खुलें झालें. काबूलहून जानेवारी १८४२ मध्यें सुरक्षित वाटेचें वचन घेऊन सुमारें साडेचार हजार सैनिक व बारा हजार बाजारबुणगे बाहेर पडले, आणि आठवड्याभरांत बर्फाच्या खिंडींतून जवळजवळ सर्व नाहींसे झाले, ही कथा प्रसिद्धच आहे. भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत व त्यांवर अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत. खालच्या लोकांविषयीं मात्र एवढेंच कोरलें आहे कीं, ते इतके बहुसंख्य होते कीं त्यांची तशी नोंद करणें शक्य झालें नाहीं. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. ह्या वाटेवर तें पुनः भेटणार आहे. ज्यांनीं तें कोरलें त्यांनीं निदान लपवाछपवी केली नाहीं, एवढें श्रेय त्यांस दिलें पाहिजे.

तेथून उत्तरेकडे येतांना काळ्या घोड्याजवळ छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची घुमटाची इमारत लागते. मूर्ति व चित्रें पाहण्यास आपण येथें मुलांना घेऊन येतों. ही वास्तु १९१४ च्या सुमारास बांधून झाली, पण तींत वस्तुसंग्रहालय उघडलें तें १९२२ सालीं. मधल्या महायुद्धाच्या दिवसांत तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून करण्यांत आला. इराकांतून, म्हणजे त्या वेळच्या मेसापोटेमियांतून, जखमी व आजारी लोकांचीं जहाजें मुंबईस येत. त्यांची दशा कशी होती हें मेजर कार्टर नांवाच्या डॉक्टरानें बसऱ्यास डोळ्यांनीं पाहिलें व वर कळविलें. वरिष्ठांनीं प्रथम त्यालाच धमकाविलें. पुढें १९१७ सालीं चौकशी-मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हां त्याचें म्हणणें खरें ठरलें, आणि भारतमंत्री चेंबरलेन ह्यांस राजीनामा द्यावा लागला. असो. ह्या घुमटाखालीं जे आणले गेले ते कसे कां होईनात, परत आले होते. जे मागें राहिले त्यांची हकीकत सांगावयाची तर बंदराकडे वळलें पाहिजे.

बॅलार्ड इस्टेटच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांवरून चालत गेलें म्हणजे गोदीची भिंत आडवी येते. आंत जाण्यास परवाना लागतो. बाहेरून क्रेनची डोकीं तेवढीं दिसतात. आज जिला इंदिरा गोदी म्हणतात ती अलेक्झांड्रा गोदी १९१४ च्या मार्चमध्यें उघडली, आणि त्याच वर्षीं १६ ऑक्टोबर रोजीं सहाव्या पुणें डिव्हिजनमधील १६ वी ब्रिगेड मुंबई बंदरांतून इराणी आखाताकडे निघाली. तींत ११७ वी मराठा पलटण होती. मागाहून १०३ वी व ११० वी मराठा लाईट इन्फंट्री ह्याही पलटणी गेल्या. हे लोक मुख्यत्वेंकरून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या बाजूचे. नोव्हेंबरांत बसरा पडलें. पुढें जनरल टाउनशेंड ह्याच्या हाताखालीं ही डिव्हिजन टायग्रिस नदीच्या कांठानें वर वर सरकत बगदादपासून वीसएक मैलांपर्यंत पोंचली. टेसिफोन येथें नोव्हेंबर १९१५ मध्यें तिला जबर मार बसला. आणि माघार घेऊन ३ डिसेंबरला ती कुत-अल-अमारा ह्या नदीच्या वळणांत वसलेल्या गांवीं येऊन कोंडली गेली.

वेढा १४७ दिवस चालला. सोडविण्यास आलेल्या फौजेचे तेवीस हजार लोक मेले वा जखमी झाले, पण ती कुतपर्यंत पोंचूं शकली नाहीं. आंत धान्य सरत आलें तेव्हां घोडे व खेंचरें मारून त्यांचें मांस वांटण्यास सुरुवात झाली. आपल्या बहुतेक शिपायांनीं, हिंदूंनीं तसेंच मुसलमानांनीं, तें खाण्यास फार दिवस नकार दिला. हिंदुस्थानांतून धर्मगुरूंची मोकळीक बिनतारी यंत्रानें मागवून ऐकविली, तरीही एप्रिलपर्यंत पुष्कळांचें मन वळलें नाहीं. ह्यास कोणी हट्ट म्हणेल. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. गांवीं परतल्यावर पंगतींत कोण घेईल, मुलीचें लग्न कोठें जमेल, ही भीति ज्याला आहे तो माणूस आपण परत जाणार असें धरून चालला आहे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु शरीराला हा अर्थ कळत नाहीं. शेवटच्या आठवड्यांत रोजचें पीठ दोन-तीन छटाकांवर आलें. रक्तपितीनें हिरड्या सुजल्या. पहारेकरी उभ्या उभ्या कोसळूं लागले. तुर्की सेनापति खलील पाशा ह्यास दहा लाख व पुढें वीस लाख पौंड देऊन फौज सोडवून घेण्याचाही प्रयत्न झाला, तो त्यांनीं धुडकावला. २९ एप्रिल १९१६ रोजीं टाउनशेंडनें शरणागतीचें निशाण लावलें.

त्या दिवशीं तुर्कांच्या हातीं पडलेल्यांची मोजदाद उपलब्ध आहे. २७७ इंग्रज अधिकारी, २०४ हिंदी अधिकारी, २,५९२ गोरे शिपाई, ६,९८८ हिंदी शिपाई, आणि ३,२४८ असे लोक कीं ज्यांच्या हातीं बंदूकच नव्हती: भिस्ती, स्वयंपाकी, खेंचरवाले, डोलीवाले. एकूण तेरा हजारांवर. हा आंकडा बारकाईनें दिला आहे त्याचें कारण, ह्यापुढें मोजदाद अशी राहिलीच नाहीं. अत्यवस्थ अशा सुमारें अकराशें लोकांची अदलाबदल होऊन ते खालीं बसऱ्याकडे पाठविले गेले. बाकीच्यांना कुतपासून आठनऊ मैलांवर शुमरान येथें नेऊन उघड्यावर बसविलें.

तेथें त्यांस तुर्की लष्करी बिस्किटें मिळालीं. दगडासारखीं कठीण, जाड्याभरड्या पिठाचीं. पांच महिन्यांच्या उपाशी माणसांनीं तीं अधाशासारखीं खाल्लीं, कोणी नदीच्या पाण्यांत भिजवून खाल्लीं, आणि दुसऱ्या दिवसापासून माणसें पोटाच्या विकारानें पटापट मरूं लागलीं. भाकरीच्या तुकड्यासाठीं बूट व कोट विकले गेले. पुढच्या वाटेच्या दृष्टीनें ही सर्वांत घातक गोष्ट झाली. पण उद्यां चालावयाचें आहे हें भुकेल्या माणसास आज कोण सांगणार?

मग अधिकारी व शिपाई ह्यांची ताटातूट झाली. अधिकाऱ्यांना बोटीनें बगदादेस नेलें. शिपायांना मेच्या पहिल्या आठवड्यांत पायीं हांकलें. कुतहून बगदाद शंभर मैल. आपल्याकडील हिशेबानें मुंबईहून निघून, कसाऱ्याचा घाट चढून, नाशिक गांठण्याइतकी वाट. पहिल्याच दिवसाची मजल पंधरा मैलांची होती. सावली नाहीं, पखाली व बाटल्या हिरावलेल्या, पायांत बूट नाहींत, आणि मे महिन्याचें इराकी ऊन. बरोबरच्या घोडेस्वार पहारेकऱ्यांच्या हातांत चाबूक व दांडके. मूठभर खजूर वा काळ्या रोट्यांचे तुकडे हें दिवसाचें अन्न. जो मागें पडे त्याला मारून उठवीत; जो उठूं शकत नसे त्याला तेथेंच टाकीत, आणि मग त्याचे कपडे वाटेवरचे लोक काढून घेत. अझीझिया येथें शेंकडों आजारी लोक गोठ्यावजा कोठ्यांत सोडून तांडा पुढें गेला. बगदादेस पोंचल्यावर त्यांची रस्त्यांतून मिरवणूक काढण्यांत आली. तेथील अमेरिकन वकिलानें पैसे व कपडे देऊन जी मदत केली तिची आठवण वांचलेल्यांनीं कृतज्ञतेनें सांगितली आहे.

हें अर्धेंच झालें. बगदादहून सामर्रापर्यंत आगगाडी होती. तेथून पुढें रूळ संपत. तिक्रीत, मोसूल, नुसैबिन अशा मजला करीत रास-अल-ऐनपर्यंत साडेतीनशें मैलांहून अधिक वाट पुनः पायीं. मुंबईहून अकोल्यापर्यंत रुळांच्या कडेनें चालत जावें, तेवढें हें अंतर आहे. आणि पोंचल्यावर विसांवा नाहींच. बर्लिन-बगदाद रेल्वेचा जो भाग अपुरा होता तो बांधण्याच्या कामावर कैद्यांस लावलें: गोऱ्यांपैकीं पुष्कळांना तॉरस व अमानस डोंगरांतील बोगद्यांवर, हिंदी लोकांना मुख्यत्वें रास-अल-ऐनच्या माळावर. ह्याच गांवीं त्याच वर्षीं आर्मेनियन स्त्रीपुरुषांचे तांडे हद्दपार करून आणले जात व मारले जात होते. आपल्या शिपायांनीं तें पाहिलें. बंगालच्या अँब्युलन्स पथकांतील शिशिर सर्वाधिकारी हे ह्या वाटेनें गेले, तेथील रुग्णालयांत राबले, आणि पुष्कळ वर्षांनीं त्यांनीं 'अभि ले बगदाद' ह्या बंगाली पुस्तकांत तें सर्व लिहून ठेविलें.

२,५९२ गोऱ्या शिपायांपैकीं सतराशेंहून अधिक बंदिवासांत मेले. हिंदी शिपाई व नोकर मिळून अडीच हजारांहून अधिक परतले नाहींत. प्रमाणानें पाहतां आपले लोक अधिक टिकले. त्यांना उन्हाची संवय होती, डोंगरांतील हिंवाळा व बोगदे त्यांच्या वांट्यास कमी आले, आणि मुसलमान शिपायांना तुर्कांनीं वेगळें काढून त्यांचें मन वळविण्याच्या हेतूनें थोडें बरें वागविलें, हीं त्याचीं कारणें दिसतात. परंतु ह्या दोन आंकड्यांत आणखी एक फरक आहे आणि तो आम्हांस अधिक बोंचतो. गोऱ्यांपैकीं बहुतेकांचा मृत्यु कोठें व केव्हां झाला ह्याचा छडा युद्धानंतर लावला गेला. हिंदी लोकांतील फार मोठ्या भागापुढें 'पत्ता लागला नाहीं' एवढाच शेरा पडला.

तुर्क राक्षस होते म्हणून हें झालें, असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. तुर्कांचे स्वतःचे शिपाईही त्या वर्षीं अनवाणी व अर्धपोटी होते. शरण आलेल्यांना तुर्की राष्ट्राचे सन्मान्य पाहुणे म्हणून वागवूं, असें आश्वासन वरून मिळालें होतें, आणि कांहींजणांच्या बाबतींत तें अक्षरशः पाळलेंही गेलें. टाउनशेंड ह्यास इस्तंबूलजवळच्या एका रम्य बेटावर बंगला मिळाला. त्याचा आवडता कुत्रा सुद्धां तुर्कांनीं इंग्रजांच्या हवालीं केला व तो सुखरूप विलायतेस पोंचला. १९१७ सालीं साहेबास सर ही पदवी मिळाली. मागें चालत असलेल्या शिपायांविषयीं त्यानें पुरेशी कळकळ दाखविली नाहीं, हा ठपका त्याच्याच देशबांधवांनीं पुढें त्याच्यावर ठेविला. म्हणजे ज्याला ओळख होती तो पाहुणा झाला आणि ज्याला नव्हती तो गुरासारखा हांकला गेला. चालीवर माणूस मरतो तो बहुधा तरवारीनें नव्हे. सकाळीं किती निघाले व संध्याकाळीं किती पोंचले हें विचारणारा कोणी वर नाहीं, हें पहारेकऱ्यास एकदां समजलें कीं पुढचें सारें आपोआप होतें.

हें विचारण्याची सोय कायद्यानें करावी असें जगाला मागाहून सुचलें. कैद्यांस माणुसकीनें वागवावें असा नियम हेग येथील १८९९ व १९०७ च्या करारांत होताच. पण पायीं नेण्याविषयीं नेमका आंकडा प्रथम आला तो १९२९ च्या जिनिव्हा करारांत. कैद्यांना पायीं न्यावयाचें तर सामान्यतः दिवसास २० किलोमीटरांपेक्षां अधिक चालवूं नये. पाण्याचा वा अन्नाचा सांठा गांठण्यासाठींच काय ती मजल वाढवावी. २० किलोमीटर म्हणजे आपल्या चर्नी रोडहून अंधेरीपर्यंत. जपाननें ह्या करारावर सही केली पण तो कायम केला नाहीं, आणि एप्रिल १९४२ मध्यें फिलिपाइन्समधील बातान येथें व १९४५ मध्यें बोर्निओंतील सांडाकान येथें जे प्रकार झाले ते कुतच्याच वाटेची, अधिक भयंकर अशी पुनरावृत्ति होते. सांडाकानहून निघालेल्या ऑस्ट्रेलियन व इंग्रज कैद्यांपैकीं शेवटीं सहाजण जिवंत राहिले, तेही पळाले म्हणून.

गोदीच्या भिंतीपासून थोडें पश्चिमेस आलें कीं टाउन हॉलच्या पायऱ्या दिसतात. हल्लीं तेथें एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे. १० जून १९१८ रोजीं गव्हर्नर विलिंग्डन ह्यांनीं येथें युद्धपरिषद भरविली. अधिक शिपाई हवे होते. लोकमान्य टिळक बोलावयास उठले, आणि राजकीय हक्कांची गोष्ट काढतांच गव्हर्नरांनीं त्यांस अडविलें. लोकमान्य तेथून निघून गेले. गिरगांवांत शांताराम चाळीच्या सभांतून त्यांचें म्हणणें लोकांनीं ऐकलें होतें तें थोडक्यांत असें: सैन्यांत माणसें देऊं, पण मग अधिकाराच्या जागाही द्या. तो वाद आपण स्वराज्याच्या इतिहासांत वाचतों. कुतची हकीकत वाचून ह्या पायऱ्यांवर उभें राहिलें म्हणजे त्याची दुसरी बाजू दिसते. १९१६ च्या मेमध्यें बोटींत बसावयाचें कीं वाटेनें चालावयाचें हें हुद्द्यानें ठरलें होतें, आणि वरचे हुद्दे त्या वेळीं हिंदी माणसास सहसा मिळत नव्हते. सुभेदार-जमादारांस अधिकारी म्हणत खरे, पण सर्वांत धाकट्या गोऱ्या अधिकाऱ्याच्याही ते खालीं.

येथून बाजारगेटाच्या गर्दींतून मशीद स्टेशनकडे जावें. हें नांव मुसलमानांच्या मशिदीवरून पडलें असा सर्वांचा समज. परंतु आपल्या बेने इस्राएल बांधवांच्या प्रार्थनामंदिरावरून तें पडलें, असेंही सांगतात. कोंकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकें राहून तेल्याचा धंदा करणारे, शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाणारे, आणि घरांत आपल्यासारखीच मराठी बोलणारे हे लोक आपल्या मंदिरास मशीद म्हणत. त्यांचें मुंबईंतील पहिलें मंदिर, शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचें द्वार, १७९६ सालीं बांधलें गेलें. तें बांधणारा सामुएल एझेकिएल दिवेकर हा कंपनीच्या मुंबई फौजेंत सहाव्या पलटणीचा देशी कमांडंट होता, आणि तो टिपूच्या कैदेंतून सुटून आलेला होता.

दुसऱ्या म्हैसूर युद्धांत १७८३ च्या वसंतांत जनरल मॅथ्यूज ह्याच्या हाताखालील मुंबईची फौज बेदनूर येथें टिपूस शरण गेली. समुद्रकिनाऱ्यापर्यंत सुखरूप जाऊं द्यावें अशा अटी होत्या. खजिना रिकामा आढळल्यावरून टिपूनें अटी मोडल्याचा आरोप केला, आणि अधिकाऱ्यांना बेड्या घालून चित्रदुर्ग व श्रीरंगपट्टण ह्यांकडे हांकण्यांत आलें. मॅथ्यूज तेथेंच मेला. जे उरले ते मार्च १७८४ च्या मंगळूर तहानंतर सुटले. दिवेकर त्याच युद्धांत आपल्या भावासह सांपडला होता. बेने इस्राएलांत परंपरेनें अशी गोष्ट सांगतात कीं, कैद्यांस त्यांची जात विचारण्यांत आली तेव्हां त्यानें बेने इस्राएल असें उत्तर दिलें. कुराणांत ज्यांचें नांव येतें ते हे लोक प्रत्यक्ष आहेत हें ऐकून टिपूच्या आईनें रदबदली केली व त्यांचे प्राण वांचले. सुटल्यास देवाचें घर बांधीन, असा त्यानें नवस केला होता. गोष्ट जशीच्या तशी खरी धरावी असा आमचा आग्रह नाहीं. परंतु मंदिर खरें आहे. मूळ जागेवरून तें १८६० सालीं जवळच नव्या जागीं आलें. त्याच्या जवळचा रस्ता आजही सामुएल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. दिवेकर मंदिरासाठीं धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणण्यास कोचीनला गेला आणि १७९७ सालीं तेथेंच वारला.

गोण्या, हातगाड्या, सुक्या मेव्याच्या व लोखंडी सामानाच्या दुकानांतून वाट काढीत त्या दारापाशीं गेलें म्हणजे एक गोष्ट मनांत येते. आमच्या ह्या फेरींत बंदिवासाची ही एकच खूण कैद्यानें स्वतः उभारलेली आहे. बाकीचीं स्मारकें दुसऱ्यांनीं, जें स्मरण त्यांस सोयीचें वाटलें त्याचीं, बांधलीं. दिवेकर परत आला, त्याच्यापाशीं हुद्दा होता, पैसा होता, भोंवतीं समाज होता. म्हणून त्याच्या हालांना पत्ता मिळाला. मंदिर पाहावयाचें असल्यास आधीं विचारून जावें, आणि शनिवारीं जाऊं नये. तो त्यांच्या प्रार्थनेचा दिवस आहे.

तेथून फार दूर नाहीं अशा अंतरावर, मशीद बंदराच्या बाजूस, हिंदी खलाशांचें वसतिगृह आहे. पहिल्या महायुद्धांत समुद्रांत बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारक त्यांत आहे. सारंग, टंडेल, आगवाले, भंडारी ह्यांच्यासारख्या साध्या माणसांचें स्मारक मुंबईंत आहे, हें आमच्या वाचकांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? समुद्रावर मेलेल्यांना निदान भिंत मिळाली. वाळवंटांत मेलेल्यांना इकडे तीही नाहीं.

शेवटचा टप्पा लालबागचा. भायखळ्याचा पूल ओलांडून पुढें आलें कीं पूर्वीं गिरण्यांचीं धुराडीं दिसूं लागत. १९८२ च्या संपानंतर तीं एकामागून एक थंड झालीं, आणि आज त्या जागीं कांचेचे मनोरे आहेत. तरी मधून मधून जुन्या चाळी उभ्या आहेत, आणि कांहींतून गांवकीच्या खोल्या अजून आढळतात: एकेका गांवच्या लोकांनीं मिळून भाड्यानें घेतलेल्या, जेथें भिंतीशीं ट्रंकांची रांग असे आणि पाळीपाळीनें झोंपावें लागे. ह्या खोल्यांत राहणारे लोक आले ते रत्नागिरी व सातारा ह्या जिल्ह्यांतून. आणि मराठा पलटणी भरल्या त्याही तेथूनच. थोड्या खाचराच्या घरांतून एक भाऊ साच्यावर व दुसरा पलटणींत, अशी वांटणी पुष्कळ ठिकाणीं असे. खेड्यांतून अजून संगमरवराच्या लहान पाट्या सांपडतात. ह्या गांवांतून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतके कामास आले, असा त्यांवर मजकूर असतो. सातारा जिल्ह्यांतील आपशिंगे गांवचे ४६ लोक त्या युद्धांत पडले. पाटीवर संख्या असते. नांवें बहुधा नसतात. कुलाब्याच्या मंदिरांतील तेंच वाक्य येथें मराठी मुलुखांत भेटतें.

आणि ज्याचा मृत्यु कोणीं पाहिलाच नाहीं, त्याच्या घरीं काय झालें असेल? तार आली तर सुतक धरतां येतें. 'पत्ता लागला नाहीं' असें कळलें तर बायकोनें कुंकू ठेवावें कीं पुसावें, श्राद्ध कोणत्या तिथीस घालावें, शेताच्या सातबाऱ्यावरून नांव काढावें कीं राहूं द्यावें? आमच्या भगिनीवर्गास हे प्रश्न निराळे उलगडून सांगण्याची गरज नाहीं. ३० ऑक्टोबर १९१८ रोजीं तुर्कस्तानाशीं युद्धतहकुबी होऊन कैदी सुटले. म्हणजे कुत पडल्यापासून अडीच वर्षें, आणि कित्येक घरीं त्यानंतरही, हा प्रश्न रोज सकाळीं उठत असला पाहिजे.

ज्यांचीं थडगीं सांपडलीं नाहींत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचें स्मारक १९२९ सालीं बसऱ्यास उभारलें गेलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीं आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी कोरली. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगानें हा पंक्तिप्रपंच २०२१ सालीं आपल्याच अहवालांत मान्य केला. १९९७ सालीं सद्दाम हुसेनच्या हुकुमानें तें सबंध स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेऊन ठेविलें. १९२९ च्या करारांत कैद्यांसाठीं जी मजल ठरविली होती तिच्या दीडपटीहून हें अंतर अधिक भरतें.

दगडावर नसलेलीं नांवें कागदावर मात्र आहेत. आयोगाची नोंदवही आतां घरबसल्या पाहतां येते. तींत ११७ व्या, १०३ व्या, ११० व्या मराठा पलटणींचे लोक सांपडतात: शिपाई अमुक, बापाचें नांव तमुक, आणि पुढें इंग्रजी कारकुनानें जसें ऐकलें तसें लिहिलेलें गांव व तालुका. खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, पाटण. अक्षरें वेडींवांकडीं असल्यामुळें गांव ओळखण्यास कधीं कधीं दोन-तीनदां मोठ्यानें वाचून पाहावें लागतें. गणपतीच्या आधींच्या आठवड्यांत सायंकाळीं लालबाग-परळच्या रस्त्यावर कोंकणांत जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, टपावर सामान चढत असतें, आणि चालकाचा सोबती दारांत उभा राहून हींच नांवें पुकारीत असतो.